नोकरी सोडण्याचं कारण

दाढ दुखतेय म्हणून सुट्टी टाकून एक डेव्हलपर दुसऱ्या कंपनीत मुलाखतीच्या शेवटच्या फेरीला गेला. साहेबांच्या जाचाला तो अक्षरशः विटला होता. पण मुलाखतीत जुन्या साहेबांना नावं ठेवायची नसतात, असं बायकोने बजावून पाठवलं होतं. त्यामुळे "नोकरी का सोडताय?" या प्रश्नाला त्याने डोळ्यांना रुमाल लावत उत्तर दिलं, "साहेब म्हणजे देवमाणूस हो! त्यांना सोडताना जीव तुटतो. पण प्रगतीसाठी काळजावर दगड ठेवायचा." मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी मान डोलावली.

तो बाहेर आला, तर समोर सोफ्यावर साक्षात साहेब! सासूबाईंचा गुडघा दाखवायला म्हणून तेही सुट्टीवर होते. त्याने झटकन गालावर हात दाबला.

तेवढ्यात मॅडम हसत बाहेर आल्या. "अभिनंदन! साहेबही मघाशी आत हेच म्हणाले, टीममधल्या या पोराला सोडून यायला पाय निघत नाही. अशी जोडी फोडायचं पाप कोण माथी घेईल? दोघांनाही घेतलंय, एकाच टीममध्ये. तुमचे साहेब हेच."

आणि त्याची दाढ खरोखरच ठणकायला लागली.