लंगड्या हरणाची कविता

नववीच्या वर्गात बाई कविता समजावून सांगत होत्या. हरणांच्या कळपाचा म्होरक्या वाट चुकतो, कळप दलदलीत रुततो, आणि म्होरक्या सगळं खापर एका लंगड्या हरणाच्या माथी फोडून त्याला हाकलून देतो.

"मग सांगा, कवीच्या मते दोषी कोण?"

"म्होरक्या!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

खिडकीजवळची मुलगी मात्र उभी राहिली. तिचे वडील याच शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. तिथे आग लागली म्हणून गेल्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं होतं. विजेच्या तारा जुन्या झाल्यात, असं ते बिचारे वर्षभर मुख्याध्यापकांच्या कानीकपाळी ओरडत होते.

"एकटा म्होरक्या नाही, बाई. बाकीच्यांनी माना डोलावल्या, म्हणून त्याचं फावलं."

बाई घाईघाईने फळा पुसू लागल्या.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "रागावू नका हं, बाई. मी तुम्हाला नाही म्हटलं. बाबांविरुद्धच्या त्या पत्रावर बऱ्याच सरांनी, बाईंनी सह्या केल्यात म्हणे. पण बाबा म्हणतात, कविता शिकवणाऱ्या बाई असल्या कागदाला हातसुद्धा लावणार नाहीत."





"तुमची भाषा चांगली आहे," असं मुख्याध्यापक म्हणाले, म्हणून ते पत्र बाईंनीच लिहून दिलं होतं.