तीन दिवस विचारायचं नाही

भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं आणि रऊफचे डोळे लकाकले. त्याने फोन भिंतीला टेकवून आवाज टिपून घेतला.

"वा! अगदी सहाव्या प्रकरणातलं!" तो पुटपुटला.

रऊफ कैरोहून आमच्या या वाळवंटातल्या गावात आला तो एका कादंबरीच्या नादाने. 'मुकं गाव' तिचं नाव. आडगावात एक परका येतो. गावकरी त्याला खाऊपिऊ घालतात, विचारत मात्र काहीच नाहीत. आणि आपण कोण हे त्याने सांगितलं रे सांगितलं, की त्याचा गळा आवळतात. रऊफने ती इतक्यांदा वाचली होती की पानं सुटून वर रबर लावावं लागलं. लेखक आमच्याकडे कधी फिरकलाही नसेल, पण रऊफची खात्री, ते गाव हेच.

आणि मेलं गावही त्याच्या मनासारखंच वागलं! आमच्यातल्या म्हाताऱ्या हाज मिस्बाहने त्याला घरात घेतलं, चांगल्यातली गादी दिली, कोकरू कापलं. नाव विचारलं नाही, कामधंदा विचारला नाही. पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नाही आणि घरचं दुःख त्याच्या कानावर घालायचं नाही, ही आमची रीत. कैरोवाले ती केव्हाच विसरलेत. रऊफ हरखून गेला. आपणही ब्र काढायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

कण्हत होती मिस्बाहची सून नज्वा. पहिलंच बाळंतपण, त्यात मूल आडवं आलेलं. सुईणीने हात टेकले होते. वादळाने रस्ता वाळूखाली गेला होता आणि फोन कुठेच लागत नव्हता.

"अहो, त्या पाहुण्याला विचारा की," मिस्बाहची बायको चुलीपाशी रडत म्हणाली. "शहरातला आहे, काहीतरी सुचवेल."

"पाहुण्याला? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत! पोर मरतेय आत!"

"उद्या सकाळी तीन दिवस होतात. मग विचारतो."

असं म्हणून तो डोळे पुसून बाहेर आला आणि हसतमुखाने पाहुण्याचा पेला भरला. ते हसू रऊफला फारच गूढ वाटलं.

सकाळी कण्हणं थांबलं. नज्वा वाचली, मूल गेलं. खजुरीच्या झाडांखाली दोघेजण लहानसा खड्डा खणत होते. रऊफने खिडकीतून ते पाहिलं आणि पोरासारख्या टाळ्या पिटल्या. शेवटच्या प्रकरणात खड्डाच तर होता! त्याने पटकन फोटो काढला.

मिस्बाह चहा घेऊन आला. डोळे सुजलेले, पण अंगात धुतलेला झगा. तो समोर बसला.

"आता विचारायला हरकत नाही लेका. कोण तू? काय करतोस?"

रऊफच्या अंगावर सुखाचा काटा आला. हाच तो क्षण! त्याने सावकाश एक घोट घेतला, म्हाताऱ्याला आणखी जरा ताटकळत ठेवलं, मग पुढे वाकून डोळे मिचकावले.

"सांगितलं तर माझा गळा आवळाल, काका," तो म्हणाला. "डॉक्टर आहे मी. अडलेल्या बाळंतिणी सोडवतो."