केतकीचा स्वभाव

“शांत, नियम पाळणारी, धोका टाळणारी. हिला बँकेची नोकरी उत्तम,” समुपदेशक बाईंनी केतकीच्या स्वभावचाचणीचा निकाल तिच्या वडिलांना वाचून दाखवला.

वडिलांचा चेहरा खुलला. “बघ! बँकिंगच्या क्लासला आजच नाव घालून टाकू.”

केतकीला आधी हसू आलं, मग संताप. “निकाल अगदी बरोबर आहे, मॅडम. फक्त तो बाबांचा आहे. शाळेच्या प्रवेशापासून माझे सगळे अर्ज तेच भरतात. ही चाचणीही त्यांनीच भरली.”

वडील गडबडले. “अगं, तू काहीतरी भलतंच लिहिलं असतंस!”

बाईंनी कोरी प्रश्नपत्रिका केतकीपुढे केली. “आता तू भर.”

केतकीने ती वडिलांकडे सरकवली. “तुम्हीच भरा, बाबा. मी उद्या अग्निशमन दलाच्या भरतीला जाणार. तिथली शिडी माझी मलाच चढावी लागेल.”