मधातली लेस

रुखवताची उशी नवरीसोबत सासरी जाते, म्हणून पंचफुलाबाईनं ती हौसेनं आधीच शिवून ठेवली. वर लेकीचं नाव भरलं, अर्पिता, आणि खाली होणाऱ्या जावयाचं, देवानंद. अन् ती सोयरीकच मोडली.

दुसरीकडं जुळल्यावर तिनं 'देवानंद' उसवलं, पण सुईची भोकं काही बुजेनात. मग कडेला लावायला आणलेली लेस तिनं त्या भोकांवरून मधोमध शिवली आणि तिच्याखाली नव्या जावयाचं नाव भरलं, हर्षदीप.

"आई, त्यायले सांगून टाकू ना," अर्पिता म्हणाली.

"गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोडलेली सोयरीक कोनी सांगत असते काय?"

लग्नात बाया उशी हातात घेऊन बघत होत्या. "लेस मधात काऊन लावली वो? नवी फॅशन हाय काय?" पंचफुलाबाई हसली आणि तिनं उशी त्यांच्या हातातून काढून घेतली.

महिन्याभरानं ती लेकीला भेटायला बेल्लमपल्लीला गेली.

"थकल्या असान, जरा आंग टाका," म्हणत विहीण चहा ठेवायला आत गेली. पंचफुलाबाईनं गाद्यांच्या थप्पीतून एक जुनी उशी ओढली.



उशीवर खाली 'हर्षदीप' भरलेलं होतं, आणि वर, नवरीचं नाव असतं त्या जागी, पिवळी पडलेली लेस शिवली होती.