शहाणी पोर
कुवेतमधल्या मराठी मंडळात जुनी प्रेमशोकांतिका बसत होती. नायिका होती एकोणीस वर्षांची इक्रा. लहानपणापासून सांभाळणारी दाईसुद्धा नायिकेची साथ सोडते, त्या प्रसंगात इक्रा रोज हुंदके देई. दिग्दर्शिका विशाखाताई बजावायच्या, "रडू नकोस. ती इथंच मोठी होते." इक्राला ते जमत नव्हतं. त्याच आठवड्यात अब्बांनी तिचं लग्न ठरवलं. शुवैख भागातल्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या वाजिदच्या प्रेमाच्या चिठ्ठ्या तिला लहानपणापासून वाढवणारी मावशी, खैरुन्निसाखालाच आणून द्यायची, म्हणून इक्रा तिच्याकडे धावली. "खाला, अब्बांना सांग ना!" "वाजिदला विसर गं. हे स्थळ सोन्यासारखं आहे." इक्रा डोळे पुसून म्हणाली, "तू म्हणशील तसं." "पोर शहाणी झाली!" खाला सुखावली. त्यानंतर इक्रानं तिला मनातलं काहीच सांगितलं नाही. निकाहाच्या वेळी काझींनी विचारल्यावर ती शांतपणे "नाही" म्हणाली. पहिली थप्पड खालानंच मारली.