मूळ आठवण

"मावशी, आठवणीची प्रत देऊ की मूळच उघडू?" स्मृतिकेंद्रातल्या निहारिकाने विचारलं. "मूळ दिलीत तर तुमचे दादा तिच्यात जो बदल करतील, तो तुमच्याही डोक्यात होईल. सगळे प्रतच देतात."

"मूळच दे," केतकी म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत ओजसदादा होता. पक्षाघाताने त्याची वाचा महिन्यापूर्वी गेली, पण लंगडणं साठ वर्षांचं होतं. तो विहिरीत उतरत असताना नऊ वर्षांच्या केतकीच्या हातून दोर सुटला, असं तिच्या आठवणीत होतं. त्याबद्दल ती कधीच बोलली नव्हती.

निहारिकाने दोघांच्या डोक्यांना एकेक आठवणी वाचणारा प्रोग्राम जोडला, आणि केतकीच्या प्रोग्रामने दादाच्या प्रोग्रामला तिच्या आठवणीत बोलावलं. तिने डोळे मिटले. तीच दुपार, पण आता विहिरीतून वर पाहिल्यासारखी. दादाच्या डोक्याच्या वर दोर मधेच तुटला. वर काठाशी फ्रॉकमधली पोरगी डोळे गच्च मिटून उभी होती, आणि उरलेला दोर तिच्या दोन्ही मुठींत घट्ट होता.

केतकी किती तरी वेळ रडली. मग दादाच्या हातावर चापट मारून म्हणाली, "साठ वर्षं बोलला का नाहीस रे?"

दादा हसला आणि त्याने तिच्याकडेच बोट दाखवलं.