पेला ठेवायची जागा

"ठेव आता. बघू बसतो का," विश्रामराव म्हणाले.

शुभदाताईंनी थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला. व्हॅन सोसायटीच्या आवारातच उभी होती. डॅशबोर्डवर दोन काळ्या कड्या स्क्रूने पक्क्या केल्या होत्या. पीव्हीसी पाइपचे तुकडे, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर, खाली प्लायवूडची पट्टी. विश्रामरावांचा अख्खा रविवार त्यात गेला होता.

इतक्या जुन्या गाडीत पेला ठेवायला जागा कुठली! डोंबिवलीहून निघालं की शीळफाट्यापर्यंत शुभदाताईंच्या हातातला चहा रोज थोडा तरी कुर्त्यावर जायचा. परवा तर सगळाच सांडला. "मेले खड्डे," असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. त्याच संध्याकाळी विश्रामरावांनी पाइप आणला.

शुभदाताई दातांच्या डॉक्टर. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ त्यांचा दवाखाना होता. विश्रामरावांना कंपनीने मुदतीआधीच घरी बसवलं, तेव्हा ते कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दाढीसुद्धा करायचे नाहीत. मग एके दिवशी शुभदाताई म्हणाल्या, "अहो, मला सोडायला येत जा ना. एकटीला आता झेपत नाही." तेव्हापासून सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, काचेवर फडकं. नाक्यावर गाडी उभी करता यायची नाही. म्हणून अलीकडच्या कोपऱ्यावर त्यांना उतरवायचं आणि दुपारी तिथूनच घ्यायचं.

पेला कडीपाशी गेला आणि तिच्या काठावर वाजायला लागला. टिण्, टिण्, टिण्. चहा हिंदकळून प्लायवूडवर ओघळला.

"कडी लहान झाली वाटतं," विश्रामराव म्हणाले. त्यांनी पेला घेऊन स्वतः ठेवला. अगदी अलगद बसला. काढून त्यांनी तो पुन्हा बायकोच्या हातात दिला.

शुभदाताईंनी या वेळी दोन्ही हातांनी धरला. पेला पुन्हा वाजला.

विश्रामरावांनी किल्लीकडे पाहिलं. इंजिन बंद होतं. मग त्यांनी हातांकडे पाहिलं.

"शुभा, कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दाखवलंस कुणाला?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत." त्यांनी पेला मांडीवर टेकवला. "थांबणार नाही हे. गोळ्यांनी जरा सावकाश वाढेल, एवढंच."

विश्रामरावांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. काय करावं ते न सुचून त्यांनी कडीचा एक स्क्रू पिळला. तो आधीच घट्ट होता. तरी ते पिळत राहिले. शेवटी प्लायवूड कटकन चिरलं, तेव्हा हात थांबला.

"अगं, मग त्या खुर्चीतल्या माणसांचं काय? या हातांनी तू रोज दाढा काढतेस?"

"छे हो! वेड लागलंय का मला? दिवाळीनंतर एकाही पेशंटला हात लावलेला नाही. दवाखाना श्रियाला देऊन टाकला. माझी असिस्टंट होती ना, तिला. पाटीसुद्धा तिच्याच नावाची आहे आता."

आवारात कुणीतरी स्कूटर सुरू केली. ती फाटकाबाहेर गेली.

"पण मी तर तुला रोज सोडतो," विश्रामराव हळूच म्हणाले. "मग तू जातेस कुठे?"

"तलावपाळीला. बाकावर बसते पाण्याकडे बघत. ऊन आलं की बाक बदलते. तुमची यायची वेळ झाली की कोपऱ्यावर येऊन उभी राहते."

"इतके महिने? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

शुभदाताईंनी ओल्या हाताने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. एवढ्याशा कामालाही त्यांना बराच वेळ लागला.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उठला असता का?"